लाखेच्या तबकड्या: बेळगाव भागात कशा शोधाव्या, कशा जपाव्या

शहापुरातल्या एका जुन्या विणकरी घराच्या माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली उतरवली, तेव्हा तिच्यात ग्रामोफोनच्या जुन्या गाण्यांच्या अडतीस तबकड्या निघाल्या. मी जमिनीवर बसून दोन ढीग करायला लागलो, एक न्यायचा आणि एक तिथेच ठेवायचा. बालगंधर्व इकडे, हिराबाई इकडे, नाव न ओळखीचं ते तिकडे. घरातल्या आजी उंबऱ्यात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्या मामंजींनी एकेक करून घेतलेल्या प्लेटा ह्या. नेताय तर सगळ्या न्या की. निवडून कशाला?" मी अकरा उचलल्या आणि निघालो. मागे ठेवलेल्यांत यंग इंडिया कंपनीच्या सात होत्या. दोन वर्षांनी परत गेलो तर घर पाडून नवीन बांधकाम सुरू झालेलं, आणि ट्रंक भंगारात गेलेली.

त्या अकरा तबकड्यांतली बहुतेक गाणी मला नंतर इतर संग्रहांतही सापडली. मागे राहिलेल्या सातांतलं एकही गाणं आजपर्यंत कानावर आलेलं नाही. म्हणून या लेखात मोठ्या नावांपेक्षा लहान कंपन्यांवर भर दिला आहे. आपल्या भागात त्या अजून मिळतात, पण घरं पाडण्याचा वेग पाहता फार काळ मिळणार नाहीत.

काय शोधायचं

ज्याला आपल्याकडची जुनी माणसं "प्लेट" किंवा "तवा" म्हणतात, ती मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी. लाख हा किड्यांनी पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर तयार केलेला राळेसारखा पदार्थ. त्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू मिसळून गरम साच्यात दाबलं की तबकडी होते. १० इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावतं, १२ इंचीला चार-साडेचार मिनिटांचं. नंतर आलेली प्लास्टिकची रेकॉर्ड वाकते. ही हाताने वाकत नाही, पडली की फुटते. हातात घेतली की वजनावरूनही लगेच कळतं.

या धंद्यावर ग्रामोफोन कंपनीचा पगडा होता. तिने १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना काढला आणि पुढे १९२८ च्या सुमारास तो डमडमला नेला. हिज मास्टर्स व्हॉइसचं कुत्र्याचं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. स्वस्तातलं ट्विन हे लेबल त्याच घरातलं, आणि १९३१ नंतर कोलंबियाही त्याच छत्राखाली आली. कोलकात्याच्या हिंदुस्थान, मेगाफोन या कंपन्यांनी नाव स्वतःचं लावलं तरी तबकड्या डमडमलाच दाबून घेतल्या. स्वतःचा छापखाना नसलेल्या प्रकाशकासारखी ही अवस्था. दाबणारा मोठा आणि स्पर्धकही तोच, म्हणून अनेक लहान लेबलं फार वर्षं तग धरू शकली नाहीत.

यंग इंडियाची गोष्ट निराळी आहे, आणि आपल्यासाठी ती सगळ्यांत महत्त्वाची. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ मध्ये हे लेबल सुरू केलं, वडाळ्याला स्वतःचा कारखाना टाकला, युद्धाची वर्षं निभावली आणि स्वातंत्र्यानंतर, १९५५ च्या सुमारास सगळं आटोपलं. नामवंत गवई मोठ्या कंपन्यांशी करारांनी बांधलेले, म्हणून यंग इंडियाने नवखे आणि हौशी गायक, शाळामास्तर, कीर्तनकार, मेळ्यातली मुलं यांना माइकपुढे उभं केलं. त्यांतल्या कित्येकांचा आवाज जगात फक्त त्या एका तबकडीवर उरला आहे. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या कार्यक्रमातून या लेबलच्या तबकड्यांचं डिजिटल जतन झालं आहे. तुमच्या हाती आलेली तबकडी त्यांत आहे का, हे आधी तिथे पाहा.

ही मुंबईची तबकडी बेळगावात इतकी कशी आली? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. मुंबईचा माल पुणे, मिरज करत आगगाडीने इथे उतरायचा. पेठेतल्या दुकानात घड्याळं, सायकली, शिवणयंत्रं आणि फोनो, म्हणजे ग्रामोफोन, एकाच काउंटरवर असायचे.

आणि इथल्या कानाला दोन्ही भाषा चालायच्या. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्व सुळेभावीचे, आणि लहानपणीच त्यांच्या तबकड्या निघाल्या. शेजारच्या धारवाड भागातून मल्लिकार्जुन मन्सूर आले, गंगूबाई हनगल आल्या. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर "गांधारी" हे नाव सापडेल, ते दुसरं कोणी समजून बाजूला ठेवू नका. विजापूरकडच्या बिळगीच्या अमीरबाई आणि गोहरबाई कर्नाटकी मराठीतही आहेत आणि कन्नडातही. एकाच ट्रंकेत नाट्यपद, कन्नड संतांचं वचन, अभंग आणि हिंदी सिनेमाचं गाणं एकावर एक रचलेलं असतं. लेबलवर भाषा इंग्रजी अक्षरांत छापलेली असते, कन्नडसाठी तिथे जुना शब्द "कॅनरीज" दिसतो. मराठी माणसाने कन्नड तबकड्या मागे सोडायच्या आणि कन्नड माणसाने मराठी, ही चूक दोन्हीकडे चालते. तसं करू नका. त्या घराने काय ऐकलं हे सगळी ट्रंक मिळून सांगते, अर्धी नाही.

कुठे शोधायचं

बाजारात शोधायला जाल तर १९५० आणि ६० च्या दशकातली सिनेमाची गाणी मिळतील, कारण लाखेच्या तबकड्या आपल्याकडे १९७० च्या आसपासपर्यंत निघत होत्या आणि शेवटच्या वर्षांत सिनेमाच जास्त खपला. त्यांनाही जागा द्या, पण लहान कंपन्यांच्या तबकड्या घरांतच आहेत. माझ्या अनुभवात शहापूर, वडगाव, अनगोळमधली जुनी घरं, खडेबाजार आणि गणपत गल्लीतल्या दुकानांवरचे पोटमाळे, निपाणी-संकेश्वरकडचे व्यापाऱ्यांचे वाडे, आणि खानापूर तालुक्यातली इनामदार किंवा पाटलांची घरं इथे बरंच सापडतं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत मला एकदा फोनोचा कर्णा सापडला. त्यात चिमणीने घरटं केलं होतं, आणि कोपऱ्यात शेणाने सारवलेल्या करंडीत सोळा तबकड्या शाबूत होत्या.

कुणाच्या दारात एकदम "रेकॉर्डी आहेत का?" म्हणून जाऊ नका. नात्यातून, देवळाच्या कट्ट्यावरून, भजनी मंडळाच्या पेटीवाल्याकडून ओळख काढा. गावातली पेटी-तबला दुरुस्त करणारी माणसं आणि जुने सुतार यांना कुणाच्या घरी फोनो होता हे नेमकं ठाऊक असतं. सुतारांना तर आपण दुरुस्त केलेल्या फोनोच्या पेट्या आठवतात. भंगारवाल्याशी मात्र उघड बोलून ठेवा. "काळी प्लेट आली की फोडू नका, फोन करा, प्लेटमागे पैसे देतो," एवढं सांगितलं की पुरे. लाखेला भंगारात मोल नाही, त्यामुळे त्याला कुठलाही दर फायद्याचाच असतो.

घरच्यांशी घासाघीस करू नका. सगळ्या ट्रंकेचा मिळून एक आकडा सांगा, आणि त्यातली कोणती तबकडी तुम्हाला जास्त मोलाची वाटते हेही सांगा. लपवून घेतलेली वस्तू गावात कळतेच, आणि मग पुढची पाच दारं बंद होतात.

हातात घेतल्यावर

खानापूरच्या कुंभाराकडून माठ घेताना जसा टिचकी मारून बघतो, तसंच इथेही. तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरा आणि बोटाच्या पेराने हलकेच ठोका. शाबूत असेल तर खणखणीत वाजते, चीर असेल तर आवाज बसका आणि थरथरता येतो. मग उजेडाला तिरपी धरा, सकाळचं किंवा कलतं ऊन सगळ्यांत चांगलं. खोबणी, म्हणजे सुई ज्यांतून फिरते त्या बारीक गोल रेघा, काळ्या कुळकुळीत दिसल्या तर उत्तम. करडे पट्टे दिसले तर लोखंडी सुईने खोबणी खाल्ली आहे असं समजा. ते पट्टे बहुधा जोरकस तानांच्या जागी आणि शेवटाकडे असतात. कडेचा टवका खोबणीपर्यंत पोचला नसेल तर त्याची काळजी नको. केसासारखी चीर असली तरी दुर्मीळ लेबल असेल तर घ्याच, चिरलेली तबकडीही एकदा नीट वाजवून घेता येते.

नंतर लेबल वाचा. त्यावरचा क्रमांक हा विक्रीच्या यादीतला, उदाहरणार्थ हिज मास्टर्स व्हॉइसचा "एन" आणि कोलंबियाचा "जीई" या अक्षरांनी सुरू होणारा. दुसरा क्रमांक लेबल आणि खोबणीच्या मधल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला किंवा दाबलेला असतो. तो ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, आणि तो प्रत्येक बाजूचा वेगळा. लेबल सोललेलं असेल तरी त्या क्रमांकावरून गाणं ओळखता येतं, म्हणून लेबल नसलेली तबकडी टाकून देऊ नका. पेन्सिलीने कागदावर घासून ठसा घ्यायचा मोह टाळा. बॅटरीचा उजेड आडवा पाडला की अक्षरं दिसतात.

कागदी पाकिटं तबकडीइतकीच जपा. त्यावर दुकानाचा शिक्का असतो, बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीचा. कधी पेन्सिलीने लग्नाची तारीख, कधी "आक्काला दिली" असं. माल कुठून कुठे गेला हे त्या शिक्क्यांवरूनच कळतं.

घरी आणताना

दहा इंची एक तबकडी साधारण दोनशे ग्रॅमची, म्हणजे पन्नास तबकड्या दहा किलोंच्या पुढे. एकावर एक आडव्या रचून नेल्या तर खालच्या तबकड्या रस्त्यातल्या पहिल्याच खड्ड्याला फुटतात. खोक्यात उभ्या ठेवा, दोन्हींमध्ये वर्तमानपत्राची घडी, चारही बाजूंनी जुनी गोधडी इतकी घट्ट की खोकं हलवल्यावर आवाज येऊ नये. बसने जात असाल तर मांडीवर घ्या. उन्हाळ्यात मोटारीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका, लाख मऊ पडते आणि तबकडी ताटलीसारखी वळते.

धुणं

इथे माझ्या हातून झालेलं नुकसान आधी सांगतो. सुरुवातीच्या काळात ओडियन कंपनीची एक तबकडी मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. पहिल्या फेरीत बोळा काळा झाला. मळ निघतोय असं वाटून मी आनंदाने दुसरी फेरी मारली. तिसऱ्या बोळ्याला काळेपण तसंच राहिलं तेव्हा थांबलो. तबकडी सुकल्यावर पाहिलं, बोटभर रुंदीचा पट्टा चमक जाऊन मेणचट झालेला, आणि वाजवल्यावर त्या जागी आवाजाऐवजी फक्त खरखर. सुतार जे फ्रेंच पॉलिश करतात ती लाखच असते, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. मी गाणं पुसून काढत होतो. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचं औषध यांतलं काहीही लावू नका.

साधं थंड, स्वच्छ पाणी घ्या. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब. लहान मुलांचा मऊ दात घासायचा ब्रश खोबणीच्या दिशेने गोल फिरवा, आडवा नाही. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका, त्यावर वाटी उपडी धरली तरी चालते. मग साबण निघेपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा. भिजत ठेवायची नाही, आतल्या भरणाला पाणी शोषायची सवय असते. जुन्या, शंभरदा धुतलेल्या धोतराच्या तुकड्याने टिपा आणि सावलीत उभी करून वाळवा. चिरलेली किंवा थर सुटलेली तबकडी धुऊच नका, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पांढरी बुरशी असेल तर दारात, नाकाला कापड बांधून झाडा.

ठेवणं

बेळगावचा पाऊस हा इथला खरा शत्रू. जूनपासून भिंती ओल्या होतात, खानापूरकडे तर कपाटातले कपडेही वास मारतात. तबकड्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. लोखंडी कपाट चालतं, पण पावसात उघडीप पडली की त्याची दारं तासभर उघडी ठेवा. प्रत्येक तबकडी साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. जुनी पाकिटं वेगळ्या फाइलीत सपाट ठेवून त्यांवर तबकडीचा क्रमांक पेन्सिलीने लिहा. तबकड्या उभ्या, सरळ, न कलता, दर पंधरा-वीस तबकड्यांनंतर एक फळी. १० इंची आणि १२ इंची एकत्र ठेवू नका.

वाजवणं आणि उतरवून घेणं

चावीचा ग्रामोफोन घरात असला तर त्यावर सिनेमाच्या, जास्त प्रती असलेल्या तबकड्याच वाजवा, आणि प्रत्येक बाजूला नवी सुई घ्या. जड साउंडबॉक्सखाली, म्हणजे सुई बसवलेल्या डबीखाली, लोखंडी सुई झिजते तशी खोबणीही झिजते. एकुलती एक तबकडी त्याच्यावर कधीच लावू नका.

विजेच्या टर्नटेबलवर सुई महत्त्वाची. लाखेच्या तबकडीची खोबण रुंद, तिला सुमारे ७५ मायक्रॉन, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश टोकाची सुई लागते. प्लास्टिकच्या रेकॉर्डची सुई १८ ते २५ मायक्रॉनची असते. ती खोबणीच्या तळाशी जाऊन घाण उकरते आणि मग लोक म्हणतात जुन्या रेकॉर्डी खरखरतातच. मी एका दुकानातून "७८ चालतं" म्हणून घेतलेल्या यंत्राला लहानच सुई होती, हे मला वर्षभराने कळलं. विकत घेताना सुईचं माप विचारा, बटणावर ७८ लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. सुईचा भार चार-पाच ग्रॅम ठेवा.

गती नीट जुळवा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची स्ट्रोब चकती (गती तपासायला फिरत्या तबकडीवर ठेवायची रेघांची चकती) पिवळ्या दिव्याखाली स्थिर दिसली म्हणजे यंत्र मिनिटाला ७७.९२ फेरे घेतंय. बहुतेक एलईडी दिव्यांखाली हे दिसत नाही, जुन्या चोकची ट्यूबलाइट चालेल. जुन्या तबकड्या मात्र सगळ्या नेमक्या ७८ वर कोरलेल्या नसत, म्हणून पेटी घेऊन बसा. गायकाचा सूर पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांच्या मध्येच अडकलेला वाटला तर गती थोडी कमी-जास्त करून पाहा आणि ती नोंदवा.

संगणकात घेताना वेव्ह फाइल, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ. तबकडी एकाच वाहिनीची (मोनो) असली तरी फाइल दोन वाहिन्यांची (स्टिरिओ) घ्या. खोबणीची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते, चांगली बाजू नंतर निवडता येते. तीन-साडेतीन मिनिटांना साधारण १२० एमबी जागा जाते, म्हणजे एका तबकडीला २४० च्या आसपास. मूळ फाइलची खरखर काढू नका. ती साफसफाई प्रतीवर करा आणि दोन्ही ठेवा.

लोकांना ऐकवायचं असेल तर कायदा माहीत हवा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. त्या हिशोबाने यंग इंडियाच्या सगळ्या मुद्रणांची मुदत संपली आहे. मात्र गीताचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो.

नोंद

प्रत्येक तबकडीला वहीत एक पान. कंपनी, यादीतला क्रमांक, दोन्ही बाजूंचे मुद्रण क्रमांक, लेबलवर छापलेलं जसंच्या तसं, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट. कन्नड लेबल कन्नड लिपीतच उतरवा, येत नसेल तर शेजारच्या शाळेतल्या मुलाकडून लिहून घ्या. दुकानाचा शिक्का, पाकिटावरचं लिहिणं, कुठल्या गावात कुठल्या घरी मिळाली (घरच्यांची परवानगी असेल तर), त्याच ट्रंकेत बरोबर काय होतं. हा शेवटचा रकाना फार कमी संग्राहक ठेवतात. ट्रंकेला एक अक्षर द्या आणि त्यातल्या सगळ्या तबकड्यांच्या पानांवर ते लिहा, म्हणजे पुढे काही तबकड्या दुसऱ्याकडे गेल्या तरी संच कागदावर एकत्र राहतो. लेबलचं छायाचित्र फ्लॅशशिवाय, सावलीत घ्या.

मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने "द रेकॉर्ड न्यूज" नावाचं नियतकालिक काढलं. त्याचे जुने अंक मिळवून वाचा, लेबलांची आणि क्रमांकांची बरीचशी कोडी तिथे सुटतात.

शेवटचं काम, तबकडी ज्या घरातून आली तिथे गाणं परत पोचवा. फोनवर पाठवून थांबू नका, जाऊन ऐकवा. वडगावात एका घरी असाच गेलो होतो. यंग इंडियाची भजनाची तबकडी, लेबलवर गायिकेचं नाव पाण्याने गेलेलं, फक्त "कुमारी" उरलेलं. नव्वदीच्या काकूंनी पहिली ओळ ऐकली, हात वर करून थांबायला सांगितलं आणि म्हणाल्या, "ही आमच्या शाळेतली. मास्तर तिला मुंबईला घेऊन गेलते. परत आली तेव्हा आम्ही सगळ्या तिच्या दारात." मग नाव सांगितलं, माहेरचं आणि सासरचंही. मी ते त्याच बैठकीत वहीत लिहिलं, पेन्सिलीने, आणि पुढे लिहिलं "काकूंच्या सांगण्यावरून". लेबल शाबूत असलेली दुसरी प्रत कुठे सापडली, तर ते शाईने करता येईल.